पाठराखीण म्हणून आलेला विषय

"सून गुणाची आहे गं, तिला नाव ठेवायला जागा नाही. पण तिचा विषय फार खातो."

रत्नमालाबाई मगदूम हे आपल्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगत होत्या, आणि आत स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजणाऱ्या कस्तुरीनं ते ऐकलं. तिनं ऐकावं असा कुणाचा बेत नव्हता. तिनं गॅस बारीक केला. राग वगैरे काही आला नाही, कारण बोलणं खरं होतं. त्या दिवशी सकाळपासून विषयानं सहा चपात्या, वाटीभर झुणका आणि उरलेल्यातल्या चार करंज्या संपवल्या होत्या, आणि अजून जेवणाची वेळ व्हायची होती.

विषय कस्तुरीच्या पीएच.डी.चा होता. त्याचं पूर्ण नाव 'निरोपानंतरचे संभाषण: पाहुणे निघाल्यावर दारात उभ्याने होणाऱ्या बोलण्याचा चिकित्सक अभ्यास' असं होतं. घरात त्याला नुसतं विषय म्हणत.

ज्यांच्या घरात कुणी पीएच.डी. केलेली नाही, त्यांना व्यवस्था माहीत नसते. ती अशी. विषय मंजूर झाला की विद्यापीठ तो विद्यार्थ्याच्या हवाली करतं, आणि प्रबंध सादर होईपर्यंत त्याचं खाणंपिणं, राहणं, वाढणं विद्यार्थ्यानं बघायचं असतं. विज्ञानाचे विषय प्रयोगशाळेत राहतात. तिथं त्यांना पंखा असतो, कुलूप असतं, नावाची पाटी असते. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान यांना प्रयोगशाळा नाही, म्हणून त्यांचे विषय घरी न्यावे लागतात. वसतिगृहात ठेवू देत नाहीत. पूर्वी एकदा दोन मुलींचे दोन विषय एका खोलीत ठेवले होते. ते सुट्टीत एकमेकांत मिसळले, त्याचा तुलनात्मक अभ्यास झाला, आणि तो कुणी घरी न्यायचा यावरून त्या मैत्रिणी अजून बोलत नाहीत.

कस्तुरीला विषय मिळाला तेव्हा तो मांजराएवढा होता. मधे भरलेला, कडांना जरा धूसर, सगळेच नवे विषय असतात तसा. ती त्याला मांडीवर घेऊन एस.टी.नं माहेरी गेली. कंडक्टरनं बघितलं आणि म्हणाला, "एवढ्याचं काय तिकीट काढायचं? वाढल्यावर बघू."

पुढच्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा इचलकरंजीचा, सन्मती मगदूम, बँकेत. सासऱ्यांचं मागाच्या सुट्या भागांचं दुकान. बैठकीत कस्तुरीच्या वडिलांनी सगळं स्वच्छ सांगितलं. मुलगी शिकते आहे, विषय बरोबर येईल.

"येऊ दे की," सासरे म्हणाले. "घर मोठं आहे." बैठकीत सगळेच असं म्हणतात.

त्या भागात नवरीबरोबर पाठराखीण जाते. नव्या घरात पोरीला परकं वाटू नये म्हणून धाकटी बहीण नाहीतर मामेबहीण सोबत पाठवतात. ती दोन दिवस राहते आणि मग तिला मानानं परत धाडतात. कस्तुरीच्या मामेबहिणीची नेमकी तेव्हा परीक्षा आली. आई म्हणाली, "विषय जातोच आहे ना? मग तोच जाईल पाठराखीण म्हणून. वेगळी माणसं कशाला हवीत?" हे सगळ्यांना पटलं. विषय गाडीत नवरीशेजारी बसून इचलकरंजीला आला.

घोटाळा झाला तो पुढं. रत्नमालाबाई रीतीभातीच्या एकदम पक्क्या. विषय प्रबंधापर्यंत राहणार हे त्यांनी बैठकीत ऐकलं होतं, पण पाठराखीण म्हणून आलेल्याला पाठराखणीचा मान द्यायलाच हवा, असं त्यांचं म्हणणं. मान काय द्यायचा यावर थोडी चर्चा झाली. शेवटी खण आणि टॉवेल-टोपी दोन्ही दिलं, हातावर साखर ठेवली आणि त्या म्हणाल्या, "बरं, या मग आता."

विषय उठला. पुढच्या दारापर्यंत गेला, उंबऱ्यावर थांबला, वळला आणि म्हणाला, "येतो मग."

आणि तो तिथंच उभा राहिला. दुसरं काही करणं त्याला शक्यही नव्हतं. तो त्याच गोष्टीचा विषय होता.

"येतो मग" म्हटल्यावर रत्नमालाबाईंना जे म्हणावं लागतं ते त्या म्हणाल्या. "असं कसं? काहीतरी खाऊन जा की." विषयानं खाल्लं. मग म्हणाला, "बराय, निघतो आता." त्या म्हणाल्या, "अगं बाई, शिरा राहिलाच की! बसायचं नसलं तर उभ्या उभ्या घे." त्यानं उभ्या उभ्या घेतला. लग्न वैशाखात झालं होतं. आता दिवाळी होऊन गेली, तरी हे चालूच होतं.

कस्तुरी सासूला आत्ती आणि सासऱ्यांना मामा म्हणायची, तिकडं तशीच पद्धत. बोलायची मात्र कमी. 'हो', 'आणते', 'झालंय', एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. शेजारच्या बायका म्हणत, सून मुकी आहे का काय? पण जो माणूस बोलत नाही त्याला ऐकू फार येतं, आणि कस्तुरीला सगळं ऐकू येत होतं. तिच्या ध्यानात आलं होतं की विषय काही चपात्यांनी वाढत नव्हता. चपात्यांनी तो फक्त टिकत होता. वाढत होता तो दारातल्या बोलण्यानं. दारात बोलण्यात आत्तींचा कॉलनीत पहिला नंबर. पोस्टमन असो, भिशीच्या बायका असोत, दुधाची पिशवी देणारा असो, आत्तींच्या दारातून कुणी एका निरोपात सुटला नव्हता. आत हॉलमध्ये पाहुणे सोफ्यावर बसून हवापाण्याचं बोलायचे. चपला घातल्या की खरं बोलणं सुरू व्हायचं. "आणि हो, एक सांगायचंच राहिलं," असं कुणी म्हटलं की विषय बोटभर रुंद व्हायचा.

भाद्रपदात तो चौकटीत नेमका बसला. तेव्हापासून पुढचं दार लागेना. चोरांची काळजी नव्हती. आलेल्या चोरालाही विषयानं बोलण्यात धरून ठेवलं असतं. पण घरच्यांना धुणं धुवायच्या मोरीशेजारून, मागच्या दारानं ये-जा करावी लागे. एकटा सन्मती तेवढा पुढच्या दारानं, पोट आत ओढून, विषयाच्या बगलेतून जायचा. त्याला कारण होतं. लग्नानंतर पहिला महिनाभर खोलीत त्या दोघांचं बोलणं "पंखा करू का?" याच्या पुढं गेलं नव्हतं. पण सकाळी दाराबाहेर हेल्मेट घालून उभा राहिला, मधे विषय आणि आत कस्तुरी, की सन्मतीला वाचा फुटायची.

"एक सांगू? कालची आमटी आईपेक्षा चांगली झालेली. आत बोलू नकोस मात्र."

"येतो मग," विषय म्हणायचा.

"मी निघालोय, तू थांब," सन्मती म्हणायचा, आणि अजून दहा मिनिटं बोलून बँकेत उशिरा पोचायचा. असं करत करत हे लग्न झालं, असं कस्तुरीचं मत होतं. भटजींनी लावलं ते वेगळं.

मामांचं मात्र डोकं फिरलं होतं. स्वतःच्या घरात मोरीवरून शिरायचं म्हणजे काय? त्यात त्यांचे मित्र बापू चौगुले यांच्या सुनेलाही विषय होता, 'एका तालुक्यातील दोन स्मरणिका', आणि तो लाडवाच्या डब्यात मावायचा.

"झाकण लावलं की झालं बघ," बापू म्हणायचे. "दोन दिवसांनी एक लवंग टाकायची. तोंडातनं आवाज नाही."

"आमच्याकडं पण आहे," मामा म्हणायचे. "दारात." आणि विषय बदलायचे, अर्थात बोलण्यातला.

ज्या दिवशी कस्तुरीनं शेंगदाणे भाजताना आत्तींचं फोनवरचं ऐकलं, त्याच संध्याकाळी तिला मोरीपाशी मामांचंही ऐकू आलं. ते सन्मतीला हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, समजावत होते.

"लग्नानंतर पुष्कळजणी सोडतात की. त्यात काय कमीपणा आहे? हौस होती, झाली. मी तिच्या सरांना फोन केलाय. रविवारी येतायत बघायला. त्यांना म्हणावं, घेऊन जावा."

"तिला विचारलं का?" सन्मती म्हणाला.

"ती कुठं बोलते?"

सन्मतीनं रात्री विचारलं. कस्तुरी म्हणाली, "बघू." तिला पुष्कळ बोलायचं होतं. हा विषय जगात आणखी कुणाला सुचला नव्हता, तो तिला मावशीच्या दारात, एका चपलेत पाय घालून दुसरी शोधताना सुचला होता. तो गेला तर दुसरा मिळेल हे तिला माहीत होतं; लाडवाच्या डब्यात मावणारा मिळेल. पण खोलीत तिला बोलता येईना. दारात जाऊन सांगावं तर रात्री दारात जायला काही कारण नव्हतं.

रविवारी डॉ. हणबर सर आले. ते कस्तुरीचे मार्गदर्शक. सहा वर्षांवर निवृत्ती, आवाज मऊ, कुठल्याही अडचणीवर "अजून थोडं वाचा" हा एक उपाय. त्यांच्याबरोबर समितीच्या सदस्य कोरगावकर मॅडम होत्या, हातात शिंप्याचा टेप. त्यांना मागच्या दारानं आणणं मामांना लाजिरवाणं वाटलं, आणि पुढून आत यायला वाट नव्हती. म्हणून बैठक दारातच झाली. बाहेर पायरीवर सर, मॅडम, त्यांच्याजवळ मोरीवरून वळसा घालून आलेले मामा आणि सन्मती. आत आत्ती, आणि आत्तींच्या मागं पाण्याचा ट्रे घेतलेली कस्तुरी. मधे विषय.

"येतो मग," विषय म्हणाला.

"तब्येत छान आहे," हणबर सर म्हणाले. "पण व्याप्ती फार वाढली."

त्यांनी मामांना नियम समजावून सांगितला. प्रबंध झाला की शेवटी तोंडी परीक्षा असते, आणि त्या दिवशी विषयाला स्वतःच्या पायांनी दारातून पार होऊन परीक्षकांसमोर जावं लागतं. ऐन वेळी अडकला तर विद्यापीठाची शोभा होते. म्हणून दर सहा महिन्यांनी दोन सदस्य येऊन बघतात, विषय साध्या दारातून पार होतो का. झाला तर पुढं चालू. नाही झाला तर त्याला मर्यादा घालतात.

"घाला की मग," मामा म्हणाले.

"आणली आहे," सरांनी पिशवीतून मर्यादा काढली. ती कापडी पट्ट्यासारखी होती, बक्कल असलेली. ती विषयाच्या पोटाभोवती अर्धीसुद्धा पोचली नाही. "मोठी मर्यादा इतिहासवाल्यांकडे आहे," सर म्हणाले. "ते परत करत नाहीत."

कोरगावकर मॅडमनी टेप लावून मापं घेतली आणि मान हलवली. मग त्या विषयाला म्हणाल्या, "हं, या बाहेर. आरामात या."

"निघतोच आहे," विषय म्हणाला, आणि हलला नाही.

"निघा ना."

"हो हो. बराय मग."

सरांनी एकीकडून, सन्मतीनं नाइलाजानं दुसरीकडून, असं त्याला थोडं ओढून बघितलं. विषय सौजन्यानं हसत राहिला.

"पार होत नाही," मॅडम म्हणाल्या. "मग नोंदणी रद्द करून दुसऱ्याला द्यावा लागेल. प्रतीक्षेत एक विद्यार्थी आहे. तीन वर्षं विषयाविना हिंडतोय बिचारा. त्याच्या घराला दारंही मोठी आहेत."

"न्या की!" मामांचा चेहरा उजळला. "आजच न्या. टेम्पो मी करतो."

तेवढ्यात आत्ती आतून म्हणाल्या, "आज कशाला? आज त्याच्यासाठी धपाट्याचं पीठ मळलंय."

मामांनी बायकोकडं बघितलं. तिनं नजर चुकवली.

"मग उद्या पाठवा," सर म्हणाले. "काम झालं. बराय, निघतो आम्ही."

"असं कसं?" आत्ती सवयीनं म्हणाल्या. "चहा तरी."

"नको नको, चहा नको," असं म्हणत सर आणि मॅडमनी एकेक पाऊल मागं घेतलं आणि ते थांबले. विषयानं कान दिल्यासारखी मान किंचित पुढं केली. कस्तुरीनं ट्रे हळूच टेबलावर ठेवला. आता काय होणार, हे तिथं असलेल्यांपैकी एकट्या तिला माहीत होतं.

"आणि हो, एक सांगायचं राहिलं," कोरगावकर मॅडम म्हणाल्या. "हा विषय मंजुरीला आला तेव्हा मी विरोध केला होता. तो चांगला नव्हता म्हणून नव्हे हं. मला सुचला नाही म्हणून."

"तुम्ही काय सांगता," हणबर सर म्हणाले. "माझ्याकडं सव्वीस विद्यार्थी झाले. एवढा धष्टपुष्ट विषय एकाचाही नाही. माझा स्वतःचा तर घरी कपाटावर असतो. टक्कल पडलंय त्याला."

"खरं सांगू का," आत्ती पदरानं हात पुसत म्हणाल्या, "फार खातो म्हणते मी सगळ्यांना. पण लेक लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून या दारात कुणी नीट उभंच राहत नव्हतं. आला तो गाडी चालू ठेवूनच बोलायचा. आता सकाळी उठलं की 'खाऊन जा' म्हणायला कुणीतरी असतंय."

"मग मला तरी सांगायचं," मामा म्हणाले.

"तुम्ही दुकानात."

"अहो, मला त्याचं खाणं खुपतंय का?" मामांचा आवाज एकदम चढला. "खाऊ दे. दुकानातल्या माणसांनाही घालतोच की मी. मला फक्त माझ्या घरात पुढच्या दारानं यायचंय! एवढंच. मोरीवरनं नको."

विषय आणखी बोटभर रुंद झाला आणि चौकट करकरली.

कस्तुरीनं त्या सगळ्यांकडं एकदा बघितलं. वैशाखापासून ती हे दार बघत होती, आणि विषयाला या दारात कोण काय म्हणतं ते तिला पाठ होतं. खाऊन जा. घेऊन जा. सावकाश जा. निघा ना. आणि यातलं प्रत्येक बोलणं जाण्याचं होतं. लग्नाच्या दिवशी तिच्यासाठी उंबऱ्यावर माप ठेवलं होतं, ओवाळलं होतं, नाव घ्यायला लावलं होतं. विषय तेव्हा तिच्यामागून गर्दीत आत आला होता, चपलांच्या ढिगाशेजारून.

ती आत्तींच्या पुढं आली. नवी सून पाहुण्यांसमोर दारात येत नाही, म्हणून आत्ती चकित होऊन बाजूला झाल्या. कस्तुरीनं ट्रेमधला पेला उचलला, भाकरीचा तुकडा नव्हता म्हणून टेबलावरच्या बशीतल्या करंजीचा एक तुकडा घेतला, विषयावरून ओवाळून बाहेर टाकला, त्याच्या पायांवर थोडं पाणी घातलं आणि म्हणाली, "आत ये."

विषयानं तिच्याकडं बघितलं. त्याला असं कुणी म्हटलेलं नव्हतं, त्यामुळं काय उत्तर द्यायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं खांदा आधी आत घेतला, मग पोट तिरकं केलं, मग दुसरा खांदा. चौकटीचा थोडा रंग गेला. उंबरा ओलांडून तो हॉलमध्ये आला, इकडंतिकडं बघितलं आणि सोफ्यावर बसला. सोफा खचला, पण मोडला नाही.

हणबर सरांनी मर्यादा घडी करून पिशवीत ठेवली. "पार झाला," ते म्हणाले.

"पण आत," मॅडम म्हणाल्या. "आपण बाहेर काढत होतो."

"नियमात 'दारातून पार होणे' एवढंच आहे. दिशा दिलेली नाही."

"दिशा तुम्ही द्यायची असते, सर."

"ते खरं आहे," हणबर सर खेळीमेळीनं म्हणाले. "अजून थोडं वाचायला पाहिजे मला." दोघांनी पायरीवर उभ्या उभ्याच सह्या केल्या.

मामांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पुढच्या पायपुसण्यावर पाय पुसले, उगाचच दोनदा पुसले, आणि पुढच्या दारानं आपल्या घरात आले. आपल्या खुर्चीवर बसले. शेजारच्या सोफ्याकडं थोडा वेळ बघत राहिले. दारात आता कुणीच नव्हतं, आणि बाहेरचा उजेड पार स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"म्हणजे हा आता इथंच?" त्यांनी विचारलं. नेमकं कुणाला, ते त्यांनाही माहीत नसावं. सन्मतीनं कस्तुरीकडं बघितलं. आत्तींनीही बघितलं. पायरीवर "निघतो" म्हणून पाच मिनिटं उभे असलेल्या सरांनी आणि मॅडमनीही बघितलं.

कस्तुरी अजून उंबऱ्यावरच उभी होती, रिकामा पेला हातात घेऊन.

"हो मामा, इथंच," ती म्हणाली. "प्रबंध पुरा होईपर्यंत तो इथं राहील, आणि प्रबंध मी पुरा करणार आहे. सर, मॅडम, तुम्ही पण आत या, दारात नका उभे राहू. आणि आत्ती, तो फार खातो, हे तुम्ही मावशींना फोनवर सांगितलंत ना, ते अगदी खरं आहे. कणीक उद्यापासून जरा जास्तच भिजवू या."